पहिला वेबक्वेस्ट घेताय? एवढं सांभाळा

नववीला वेबक्वेस्ट, म्हणजे निवडक संकेतस्थळं वापरून मुलांनी गटात एका प्रश्नाचं उत्तर शोधायचा उपक्रम, घ्यायचं ठरवलंत, छान! अमेरिकी प्राध्यापक बर्नी डॉज यांनी १९९५ मध्ये सान डिएगोत मांडलेल्या या पद्धतीचा खरा भर माहिती शोधण्यावर नाही, ती वापरण्यावर आहे.

म्हणून सगळा जीव प्रश्नात ओता. ‘कोयना भूकंपाची माहिती लिहा’ म्हणालात, तर मुलं विकिपीडिया उतरवून आणतील. ‘११ डिसेंबर १९६७ चा भूकंप धरणाच्या पाण्यामुळे झाला का? पुराव्यानिशी बाजू मांडा’ असं विचारा. मग नुसतं उतरवून भागत नाही, निवाडा करावाच लागतो.

बाकी सुरुवातीला इतकंच:

- दुवे तुम्हीच निवडून द्या, पाच-सहा पुरेत. मोकळं गूगल दिलं की अर्धी तासिका शोधण्यातच जाते. आदल्या दिवशी शाळेच्याच संगणकावर प्रत्येक दुवा उघडून पाहा. घरी चालणारी साइट शाळेत अडवलेली असू शकते. पानांच्या पीडीएफ पेनड्राइव्हवर असू द्या, नेट गेलं तरी तास बुडत नाही.
- गट चौघांचा. भूगर्भतज्ज्ञ, धरण अभियंता, पत्रकार, गावकरी अशा भूमिका वाटा, नाहीतर एकच मूल काम करतं.
- गुणांचा तक्ता आधीच दाखवा. निम्मे गुण पुराव्याला.

व्हिडिओ, सादरीकरणाची सजावट वगैरे दुसऱ्या वेळी. आत्ता एका पानाचा लेखी निष्कर्ष मागा.