युगांडात फील्ड ऑफिस सांभाळायला जावं का? सोलापूरच्या एका भावाला लांबलचक उत्तर

तुझा प्रश्न वाचला. म्हणजे थोडक्यात असं की वालचंदमधून एमएसडब्ल्यू केलंस, मग दहाएक वर्षं बीडी कामगार बायकांचे बचत गट आणि आरोग्याचं काम केलंस, आता एका परदेशी संस्थेकडून युगांडात अरुआला निर्वासितांच्या कामाचं ऑफिस सांभाळायची ऑफर आलीये, बायको आणि सहा वर्षांची पोरगी आहे, आणि विचारतोयस की जावं का, पगारात भागेल का, फॅमिली नेता येईल का. तुला तू म्हणते, धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. मी जुळे सोलापूरची, पण अरुआच्याच भागात दुसऱ्या संस्थेत हेच काम बरीच वर्षं करतेय.

पगाराचं नंतर बघू. आधी त्यांना हे विचार की प्रोजेक्टचा पैसा कुणाचा आहे आणि कुठल्या महिन्यापर्यंत आहे. हे विचारायला लाजू नको, उलट ऑफिस हेड होणाऱ्या माणसाने हे नाही विचारलं तर त्यांनाच शंका यायला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात थांबवली आणि इथल्या कित्येक संस्थांना एका आठवड्यात 'काम बंद करा' असे ईमेल आले, गाड्या कंपाउंडमध्ये उभ्या, स्टाफ घरी बसला. यूएनएचसीआरला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेलाच, माणसं कमी करायला लागली तिथे त्यांच्या पैशावर चालणाऱ्या आपल्यासारख्यांचं काय. त्या वर्षात हेड लोकांनी जे काम सगळ्यात जास्त केलं ते म्हणजे लोकांना नोकरीवरून काढायची पत्रं लिहिणं. इथल्या कायद्यात तीन महिन्यांत दहा किंवा जास्त माणसं काढायची असली तर लेबर कमिशनरला लेखी कळवावं लागतं, नोटिशीचे दिवस, उरलेल्या रजेचे पैसे, सगळा हिशोब मांडावा लागतो, आणि ते मांडणार कोण तर तू. तुला काम चालवायला म्हणून बोलावतायत की हळूहळू गुंडाळायला म्हणून, हे आधीच कळलं पाहिजे. गुंडाळायचं काम वाईट नाही, नीट गुंडाळणारा माणूस लागतोच, पण त्यासाठी बायकोची नोकरी सोडायला लावून पोरीची शाळा बदलून यायचं का ते तू ठरव.

आता कामाचं. तू मेसेजमध्ये लिहिलंस 'लोकांबरोबर काम करायला मिळेल'. मिळेल, पण कमी. तिकडे तू वस्तीत बसून काम करत होतास, इकडे तू ऑफिसात बसून वस्तीत जाणाऱ्यांचं काम सोपं करणार. दिवसातला मोठा भाग प्रोक्योरमेंट, बजेट, डिझेलचं लॉगबुक, ऑडिट, डोनरचा रिपोर्ट, आणि मीटिंग, मीटिंग, मीटिंग. एक उदाहरण देते, शाळेच्या संडासांसाठी सिमेंट आणि पत्रे घ्यायचे होते, तीन कोटेशन आली, तीन वेगवेगळ्या दुकानांचे शिक्के, आणि तिन्हीत सातचा आकडा सेम टू सेम, मधे आडवी रेघ मारलेला, खाली सही करायची जागा पण तिरकी तशीच. आता हे तुझ्या टेबलावर संध्याकाळी साडेपाचला येणार, कंत्राटदार बाहेर उभा, पाऊस सुरू व्हायच्या आत खड्डे बांधून व्हायला पाहिजेत, आणि तुला सही करायची नाहीये. परत मागवायची, पंधरा दिवस उशीर, शाळेचे हेडमास्तर तुझ्यावर चिडणार. निम्मी हेडगिरी ही अशीच.

आपल्याकडची माणसं कोटणीसांचं नाव काढतील बघ, तुझ्या निरोप समारंभात तर नक्कीच कोणीतरी भाषणात काढणार. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच, १९३८ साली चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, मोठा माणूस. पण ते डॉक्टर होते रे, स्वतःच्या हाताने ऑपरेशन करायचे. आपण सह्या करणारे. भाषण ऐकून घे, हार घाल, पण डोक्यात ते चित्र घेऊन विमानात बसू नको.

दुसरं म्हणजे 'हेड' हा शब्द ऑफिसच्या गेटपर्यंतच. युगांडात निर्वासितांचा कारभार सरकारकडे आहे, पंतप्रधानांच्या कार्यालयाकडे, सगळे ओपीएम म्हणतात, आणि प्रत्येक सेटलमेंटवर त्यांचा कमांडंट असतो. तो नाही म्हणला तर तुझी गाडी आत जात नाही, विषय संपला. त्याच्या बाजूला यूएनएचसीआर, मग जिल्ह्याचे अधिकारी, मग निर्वासितांच्या स्वतःच्या निवडलेल्या समित्या, त्यांना आरडब्ल्यूसी म्हणतात, त्यांचा चेअरमन हा माणूस फार महत्त्वाचा. आल्यावर पहिले दोन आठवडे कॉम्प्युटर उघडू नको, ह्या सगळ्यांना भेटून घे, चहा पी, ऐक. सोलापुरात नगरसेवक, युनियनचे लीडर, कारखानदार या सगळ्यांना सांभाळून काम केलंयस ना, त्यातलं बरंच इथे उपयोगी पडतं, कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त.

इथली थोडी पार्श्वभूमी सांगते कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, इथे मात्र २००६ चा स्वतंत्र कायदा आहे, निर्वासिताला काम करता येतं, देशात फिरता येतं, आणि तारेच्या कुंपणातला कॅम्प नसतो, सेटलमेंट असते, कुटुंबाला घर बांधायला आणि थोडं पिकवायला जमिनीचा तुकडा देतात. जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, मारामारी पेटली आणि तिकडून लोंढेच्या लोंढे आले, युम्बे जिल्ह्यातली बिडीबिडी सेटलमेंट ऑगस्टमध्ये उघडली ती डिसेंबरपर्यंत भरली पण, अडीच लाखांवर माणसं. ही जमीन सरकारी नाही, इथल्या गावांची आहे, त्यांनी दिली. का दिली तर १९७९ ला हुकूमशहा ईदी अमीनची सत्ता पडल्यावर ह्याच वेस्ट नाईलची, म्हणजे अरुआच्या आसपासच्या भागाची, माणसं जीव वाचवायला सुदान आणि झाईरला (आजचं काँगो) पळाली होती, आजही साठीच्या पुढचा कुठलाही म्हातारा तुला सांगेल मी पण निर्वासित होतो म्हणून. पण उपकाराची आठवण कायम पुरत नाही. त्यामुळे साधारण ३० टक्के सुविधा गावकऱ्यांसाठी ठेवायच्या असा नियम आहे, आणि नोकरभरतीत स्थानिक पोरं किती घेतलीस ह्यावरून जिल्ह्याचे पुढारी तुला फैलावर घेणार. घेऊ देत. यादी तयार ठेव.

(फाटा मारते जरा. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले होते, साधारण पाच हजार. त्याच वेळी तसेच पोलिश लोक युगांडातही ठेवले होते, मासिंदीकडे. हे मला इथे आल्यावर कळलं.)

आता सगळ्यात अवघड भाग, राशन. जुलै २०२३ पासून डब्ल्यूएफपीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संस्थेने, लोकांचे तीन गट केले, सगळ्यात गरजूंना ६० टक्के राशन, मधल्यांना ३० टक्के, आणि 'स्वतःच्या पायावर उभे' म्हणून तिसऱ्यांना काही नाही. मग मे २०२५ मध्ये पैसे नाहीत म्हणून जवळपास दहा लाख लोकांचं बंदच केलं. यादी वाटप केंद्राच्या भिंतीवर लागते. त्या दिवशी मी होते तिथे, दक्षिण सुदानच्या नुएर जमातीची एक आजी, बरोबर नातवंडं, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट धरलेलं, तिचं नाव तिसऱ्या गटात. ती नुएरमध्ये बोलली, एका पोराने जुबा अरबीत सांगितलं, माझ्या कलीगने मला इंग्रजीत, आणि एवढं सगळं फिरून माझ्यापर्यंत आलं ते एकच, की माझ्याकडे कोण बघून गेलं ते मला सांगा, मी कुठे उभी दिसले तुम्हाला. यादी आमच्या संस्थेने केली नव्हती, राशन आमचं नव्हतं. पण जॅकेटवर लोगो असला की लोक तुलाच विचारणार, आणि 'ते आमच्याकडे नाही' हे वाक्य मी माझ्या स्टाफला बंद करायला लावलंय. तक्रार लिहून घ्यायची, नंबर द्यायचा, कुठे पाठवली ते सांगायचं, आणि उत्तर आलं की, भले नकार असला तरी, परत जाऊन तोंडावर सांगायचं. खोटी आशा लावायची नाही. मऊ मनाचा आहेस म्हणून हे काम जमेल असं समजू नको, नकार नीट देता येतो का ते बघ.

आकड्यांचंही सांभाळ. २०१८ मध्ये इथे निर्वासितांची संख्या फुगवल्याचे आरोप झाले, सगळ्यांची बायोमेट्रिक तपासणी झाली आणि १४ लाखांचा आकडा ११ लाखांवर आला. आता परत तो खूप वर गेलाय, खरोखरची माणसं आलीयेत, सुदानमधूनही. पण तेव्हापासून डोनर प्रत्येक यादी भिंगातून बघतात, म्हणून हजेरीपत्रकावरचे अंगठेसुद्धा स्वतः अधूनमधून तपास.

स्टाफ. तुझ्या हाताखालची बहुतेक माणसं युगांडन असणार, काही निर्वासित स्वतः, आणि त्यांतले निदान दोघं तुझ्यापेक्षा जास्त जाणणारे. त्यांना तुझ्यापेक्षा पगार कमी, घरभाडं नाही, आर अँड आरची, म्हणजे विश्रांतीसाठीची जादा रजा नाही, आणि हे त्यांना माहीत असतं. त्यात आपण भारतीय. १९७२ मध्ये अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत हाकलून दिलं हे आपल्याला माहीत असतं, पण त्याआधी दुकानात काळ्या नोकराशी आपले लोक कसे वागायचे ते इथल्या घराघरात माहीत आहे. आवाज चढवून बोलायची आपली ऑफिसातली सवय एअरपोर्टवरच सोड. तुझ्या नंबर दोनला खरोखरचे अधिकार दे, सहीसकट, नाहीतर तू रजेवर गेलास की ऑफिस ठप्प.

भाषेचं टेन्शन घेऊ नको. इंग्रजीत ऑफिस चालतं, बाहेर लुगबारा, आरिंगा, जुबा अरबी, बारी, काय वाट्टेल ते. आपण एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू ऐकत मोठे झालोय, दुभाष्या लावून मीटिंग चालली की पुण्यामुंबईचे लोक वैतागतात, आपण नाही.

फॅमिली. पत्रात 'अनअकम्पनीड' लिहिलंय का बघ. लिहिलं असेल तर अरुआत फॅमिलीचा खर्च ते देणार नाहीत. बरेच जण बायकामुलं कंपालाला ठेवतात, शाळा तिथे चांगल्या आहेत, भारतीय दुकानं भरपूर, पण फी डॉलरमध्ये आणि अरुआ-कंपाला रस्त्याने आठेक तास. बायकोला डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही, हे तिला आज सांग, तिकीट काढल्यावर नको. माझं स्पष्ट मत, पहिले सहा महिने एकटा ये, पोरीचं शाळेचं वर्ष मोडू नको.

पैशाचं, आकडा ग्रॉस आहे की हातात येणारा ते विचार. इथे टॅक्स ३० टक्क्यांपर्यंत चढतो, महिना एक कोटी शिलिंगच्या वर त्याहून जास्त, शिवाय एनएसएसएफचे, म्हणजे इथल्या पीएफचे, ५ टक्के तुझ्याकडून. कोटी ऐकून घाबरू नको, शिलिंग आहे. मेडिकल इव्हॅक्युएशन इन्शुरन्स (आजारी पडल्यावर मोठ्या हॉस्पिटलला हलवण्याचा विमा) नसेल तर येऊच नको, मलेरिया इथे सर्दीसारखा होतो पण लहान पोरांना आणि नवीन माणसाला जोरात धरतो.

खाण्याचे हाल नाहीत. ज्वारी आहे, लालसर, कसाव्याबरोबर दळतात, भाकरी जरा चिकट होते पण होते. शेंगदाणे इतके सुंदर की शेंगाचटणी मी इथेच कुटते, घरून फक्त काळं तिखट आणते. कडक भाकऱ्या मात्र बॅगेत भर, ऑफिसातली पोरं बिस्किटासारख्या खातात.

कागदपत्रं लगेच सुरू कर. पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), डिग्रीच्या कॉपी, लग्नाचं सर्टिफिकेट इंग्रजीत. यलो फीव्हरची लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, अपॉइंटमेंट आधी घे, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी झाली पाहिजे, आणि ते पिवळं कार्ड जपून ठेव, भारतात परतताना नसेल तर क्वारंटाईन करतात. वर्क परमिट संस्थेनेच काढायचं, 'टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बघू' म्हणाले तर सरळ नाही म्हण. फ्लाइट मुंबई-एन्टेबे थेट आहे युगांडा एअरलाइन्सची, २०२३ पासून.

ऑफर लेटरमधलं नोकरी संपवण्याचं कलम आणि फंडिंगचं जे काही लिहिलंय ते मला पाठव, संस्थेचं नाव झाकून. ते वाचल्याशिवाय मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण.