वाचक विचारतात : ताजमहालाची पहाट आणि एका दिवसाची आग्रा सहल

दिल्लीहून निघणाऱ्या ‘सूर्योदय सहली’विषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि दोन मुले फेब्रुवारीच्या अखेरीस दिल्लीला जाणार आहोत. पहाटे दोन-अडीच वाजता हॉटेलवरून गाडीने नेऊन ताजमहालाचा सूर्योदय आणि आग्र्याचा किल्ला दाखवायचा आणि संध्याकाळपर्यंत दिल्लीला परत आणायचे, अशी सहल अनेक जण देतात. ती घ्यावी का? सूर्योदयाच्या वेळी ताजमहाल खरोखरच इतका वेगळा दिसतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताजमहाल पहाटे पाहावा हे खरे, परंतु त्यासाठी दिल्लीहून मध्यरात्री निघावे असे मला वाटत नाही. आदल्या संध्याकाळी आग्र्याला पोहोचून ताजगंज भागात मुक्काम करावा आणि सकाळी पायी किंवा ई-रिक्षाने दरवाजा गाठावा, हा मार्ग प्रत्येक दृष्टीने बरा आहे.

ताजमहालाचे दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. फेब्रुवारीच्या अखेरीस आग्र्याचा सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो, म्हणजे सव्वासहापूर्वी रांगेत असायला हवे. दिल्ली ते आग्रा हे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. २०१२ मध्ये खुला झालेला १६५ किलोमीटरचा यमुना एक्सप्रेसवे उत्तम असला, तरी हॉटेलच्या दारापासून ताजमहालाच्या वाहनतळापर्यंत साडेतीन-चार तास सहज जातात. मे-जूनमध्ये सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होत असल्यामुळे तेव्हा ही सहल मध्यरात्रीनंतर लगेच सुरू करावी लागते. अशा प्रवासात आपली झोप होत नाही हा मुद्दा दुय्यम आहे; आदल्या दिवशी गाडी चालवून पुन्हा रात्री गाडी चालवायला बसलेल्या चालकाची झोप झाली आहे का, हा प्रश्न सहल ठरवताना स्पष्टपणे विचारावा. डिसेंबर-जानेवारीत या रस्त्यावर दाट धुके पडते, त्यासाठी वेगमर्यादाही कमी केली जाते आणि पोहोचल्यावर त्याच धुक्यात मुख्य दरवाजातून समोरचा मकबराच न दिसण्याची शक्यता असते. त्या दोन महिन्यांत सूर्योदयाची सहल कोणी कितीही आग्रहाने विकली, तरी ती घेऊ नये.

रेल्वेने त्याच दिवशी सकाळी जाऊन सूर्योदय गाठता येत नाही, कारण भोपाळ शताब्दी नवी दिल्लीहून सहाच्या सुमारास सुटते आणि गतिमान एक्सप्रेस निजामुद्दीनहून आठनंतर. मात्र महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी एका सोप्या गोष्टीचा विचार करावा. मुंबईची पंजाब मेल किंवा पुण्याची झेलम एक्सप्रेस दिल्लीच्या आधी आग्रा कॅन्टला थांबते. दिल्लीला जाऊन पुन्हा दोनशे किलोमीटर मागे येण्याऐवजी जातानाच आग्र्याला उतरावे, मुक्काम करावा, पहाट ताजमहालाला आणि उरलेली सकाळ किल्ल्याला द्यावी आणि संध्याकाळच्या गाडीने दिल्ली गाठावी. भुसावळ सोडल्यावर हीच गाडी बुऱ्हाणपुरावरून जाते. जुन्या खानदेशच्या या राजधानीत १७ जून १६३१ रोजी मुमताजमहलचा चौदाव्या बाळंतपणात मृत्यू झाला. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिचे पहिले दफन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्याला नेण्यात आला. मुलांना ही हकिगत गाडीतच सांगावी, कारण घाईच्या सहलीत तिला जागा मिळत नाही.

आता सूर्योदयाविषयी. ताजमहालाचा दर्शनी भाग दक्षिणेकडे आहे आणि पाठीमागे, उत्तरेला, यमुना आहे. त्यामुळे दरवाजातून आत शिरणाऱ्याच्या उजव्या हाताला सूर्य उगवतो आणि जाहिरातीतल्याप्रमाणे घुमटामागून सूर्यबिंब वर येताना या जागेवरून कधीच दिसत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात सूर्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेकडे उगवत असल्याने दर्शनी भागावर तिरपा प्रकाश पडतो. मे-जूनमध्ये तो ईशान्येला उगवतो, तेव्हा सकाळी दर्शनी भाग बराच वेळ सावलीत राहतो आणि उजेड पाठीमागच्या व पूर्वेकडच्या बाजूंना मिळतो. प्रकाशाचे हे गणित सहल विकणारे सहसा सांगत नाहीत. पहिला प्रकाश घुमटावर पडतो आणि मग तो पूर्वेकडच्या भिंतीवरून खाली उतरत जातो. म्हणून आत गेल्यावर हौदाजवळच्या छायाचित्रांच्या गर्दीत थांबू नये. बाग ओलांडून पूर्वेकडच्या मेहमानखान्यासमोर जावे आणि तेथून पश्चिमेकडे वळून मकबरा पाहावा. मकराण्याचा संगमरवर राखाडीवरून फिकट गुलाबी आणि मग पिवळसर होताना तेथून स्पष्ट दिसतो, आणि परचिनकारीच्या, म्हणजे संगमरवरात रंगीत खडे बसवून केलेल्या, फुलांमधील अकीकाचे तांबूस खडे उजळतात. सूर्य इमारतीच्या मागे हवा असेल, तर उलट बाजूला, पश्चिमेकडच्या मशिदीसमोर, उभे राहावे.

तरीही पहाटे जाण्याचे खरे कारण मला प्रकाशापेक्षा गर्दी आणि ऊन हेच वाटते. दहानंतर मुख्य मकबऱ्याच्या रांगेत जो वेळ जातो, त्यात सकाळी सातला सगळा चौथरा फिरून होतो. तिकीट प्रवेशापासून तीन तासच चालते, त्यामुळे तो वेळ रांगेत न घालवता पाहण्यात घालवणे शहाणपणाचे आहे. तारीख ठरवताना शुक्रवार टाळावा; त्या दिवशी ताजमहाल पर्यटकांसाठी बंद असतो आणि गतिमान एक्सप्रेसही धावत नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७४ असून तिला गुडघ्यांचा त्रास आहे. पहाटेच्या अंधारात तिला तेथे नेणे योग्य होईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नेण्यास हरकत नाही, ताजमहालाची बाग सपाट आहे आणि सकाळी थंडावा असतो. प्रदूषण टाळण्यासाठी स्मारकाच्या जवळच्या पट्ट्यात खासगी वाहनांना मनाई आहे, म्हणून पूर्वेकडील शिल्पग्रामच्या किंवा पश्चिमेकडच्या वाहनतळावर उतरून बॅटरीच्या गाडीने दरवाजापर्यंत जाता येते. चाकाची खुर्ची तिकीटघराजवळ मिळते. अडचण येते ती मकबऱ्याच्या उंच चौथऱ्याच्या पायऱ्यांची. त्या चढणे आईंना शक्य नसेल, तर त्यांचे तिकीट फक्त परिसराचे घ्यावे. भारतीयांना परिसराच्या प्रवेशासाठी ५० रुपये आणि मुख्य मकबऱ्यासाठी वेगळे २०० रुपये द्यावे लागतात, आणि हे दुसरे तिकीट ऐच्छिक आहे. दोन्ही तिकिटे आदल्या दिवशी ऑनलाइन काढून ठेवावीत, म्हणजे एक रांग वाचते. तपासणीची रांग मात्र चुकत नाही. खाद्यपदार्थ, तंबाखू, काडेपेटी, छायाचित्रणाची तिकाटणी आणि मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली आणि आईंची औषधे एका लहान पिशवीत घ्यावीत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेची नागरिक आहे. सहल देणाऱ्याने तिच्यासाठी परदेशी पर्यटकाचे तिकीट लावले आहे. ते बरोबर आहे का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : मुलीकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड, असेल तर नाही. राष्ट्रीय स्मारकांच्या प्रवेशशुल्कात ओसीआय कार्डधारकांना भारतीय नागरिकांइतकाच दर लागू होतो. परदेशी पर्यटकाचे परिसराचे तिकीट ११०० रुपयांचे आहे, म्हणजे फरक थोडाथोडका नाही. मूळ कार्ड सोबत ठेवावे आणि सहल ठरवतानाच तिकिटाचा दर वेगळा लिहून घ्यावा. १५ वर्षांखालील मुलांना, मग ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश विनामूल्य आहे.

प्रश्न : मागच्या वर्षी आम्ही आग्र्याला गेलो, तेव्हा गाइडने किल्ल्यातील एक कोठडी दाखवून शिवाजी महाराजांना येथे कैदेत ठेवले होते, असे सांगितले. ताजमहाल बांधणाऱ्या कारागिरांचे हात तोडल्याची आणि नदीपलीकडच्या काळ्या ताजमहालाची गोष्टही त्याने सांगितली. यांत खरे किती? आणि चांगला गाइड कसा ओळखावा? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : महाराजांविषयीची माहिती चुकीची आहे. १२ मे १६६६ रोजी, औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारासाठी, महाराज संभाजीराजांसह किल्ल्यात गेले. ते पोहोचेपर्यंत दिवाण-ए-आममधील दरबार संपला होता आणि भेट दिवाण-ए-खासमध्ये झाली. अपमानाचा प्रसंग तेथलाच. त्यानंतर त्यांच्यावर जो पहारा बसला, तो किल्ल्यातील कोठडीत नव्हता. मिर्झाराजे जयसिंगांचे पुत्र रामसिंग यांच्या मुक्कामाजवळ महाराजांचा तळ होता आणि शहर कोतवाल फुलादखान याची माणसे त्याभोवती होती. १७ ऑगस्टला महाराज निसटले ते या तळावरून. जयपूर दरबाराच्या दफ्तरात सापडलेल्या त्या वेळच्या राजस्थानी पत्रांवरून हा घटनाक्रम जवळजवळ दिवसवार लावता येतो. किल्ल्यात कैदेत होता तो शाहजहान. १६५८ पासून मुलाच्या कैदेत राहून तो जानेवारी १६६६ मध्ये वारला, म्हणजे महाराज येण्याच्या अवघे काही महिने आधी. मुसम्मन बुरुजातून ताजमहाल दाखवताना गाइड शाहजहानचे शेवटचे दिवस रंगवून सांगतात. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात त्याच किल्ल्यात काय घडले, हे मराठी प्रवाशांनी त्यांना आवर्जून विचारावे.

हात तोडल्याच्या कथेला कोणताही समकालीन पुरावा नाही. ताजमहालाचे काम १६३२ च्या सुमारास सुरू झाले, मुख्य मकबरा १६४८ पर्यंत आणि उरलेला परिसर १६५३ च्या सुमारास पूर्ण झाला. याच काळात शाहजहान दिल्लीला लाल किल्ला आणि नवे शहर उभारत होता, आणि ताजमहालाचा वास्तुशिल्पी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो उस्ताद अहमद लाहोरी तेथेही काम करत होता. कसबी हात तोडून टाकणे बादशहाला परवडणारे नव्हते. काळ्या ताजमहालाची गोष्ट सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तावेर्निये याच्या लिखाणापर्यंत मागे जाते. परंतु नदीपलीकडच्या मेहताबबागेत पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात दुसऱ्या मकबऱ्याचा पाया निघाला नाही, निघाला तो अष्टकोनी हौद आणि बाग. रात्री ताजमहालाचे प्रतिबिंब पाहण्यासाठी ती बाग असावी, हा तर्क मला अधिक पटतो.

गाइड निवडताना त्याच्या गळ्यात पर्यटन विभागाचे ओळखपत्र आहे का, ते पाहावे आणि त्यावरचे छायाचित्र त्याच्याच चेहऱ्याचे आहे याची खात्री करून घ्यावी. वाहनतळापासून मागे लागणाऱ्या, ओळखपत्र नसलेल्या माणसांना आग्र्यात ‘लपके’ म्हणतात. रांग चुकवून देतो, असे सांगणारा बहुधा त्यांच्यापैकीच असतो. आणखी एक गोष्ट माझ्या मताची आहे आणि ती सर्वांना पटेलच असे नाही. ताजमहालात पहाटे गाइडची फारशी गरज नसते. थोडे वाचून गेले की इमारत स्वतःहून समजते, आणि त्या शांततेत अखंड बोलणारा माणूस बरोबर असला की त्रासच होतो. किल्ल्यात मात्र तो हवाच. अकबराने १५६५ पासून बांधलेला तटबंद किल्ला, जहाँगीरी महाल, पुढे शाहजहानने उभारलेले संगमरवरी महाल आणि लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे बंद असलेला मोठा भाग, यांचा मेळ माहीतगार माणसाशिवाय लागत नाही. सहलीत गाइड दिवसभरासाठी असेल, तर त्याला ताजमहालात अर्ध्या तासात मोकळे करावे आणि किल्ल्यात दीड तास द्यायला सांगावे.

वेळ उरला तर भगवान टॉकीजजवळच्या जुन्या रोमन कॅथलिक दफनभूमीत जावे. महादजी शिंद्यांच्या काळापासून १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने घेईपर्यंत आग्र्याचा किल्ला काही वर्षे शिंद्यांच्या सत्तेखाली होता, आणि त्यांच्या चाकरीतील जॉन हेसिंग हा डच अधिकारी अखेरीस तेथला किल्लेदार होता. १८०३ मध्ये वारलेल्या या किल्लेदाराची लाल दगडातील कबर ताजमहालाच्या धर्तीवर बांधलेली आहे. सहलींच्या यादीत ती नसते. गाइडला आधी सांगून ठेवावे लागते.

प्रश्न : सहलीत ‘हस्तकला केंद्राला भेट’ असे लिहिले आहे. ती टाळता येते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : येते, पण ते निघण्यापूर्वी लेखी ठरवावे. ही भेट बहुतेक वेळा संगमरवराच्या दुकानाची असते आणि तेथील खरेदीवर चालकाला वा गाइडला दलाली मिळत असल्यामुळे सहल स्वस्त पडते. परचिनकारीचे काम करणारे कारागीर आजही आग्र्यात आहेत आणि त्यांचे काम पाहण्यासारखे आहे, हे मान्य. परंतु किल्ल्याचा एक तास कमी करून ते पाहू नये. खरेदी करायचीच असेल, तर वस्तू संगमरवराची आहे की गोरारा नावाच्या मऊ दगडाची, हे पावतीवर लिहून मागावे. गोरारा खूप स्वस्त असतो आणि त्यावर सहज चरे पडतात. दुकानदार तसे लिहून द्यायला तयार नसेल, तर तेथून निघावे आणि गाडी बेडई-जलेबीच्या न्याहारीकडे वळवायला सांगावी. सकाळी नऊच्या सुमारास ताजमहालातून बाहेर पडल्यावर भूक लागलेलीच असते.