चाकाचं कुलूप बसवताना

भाऊ, नव्या सायकलच्या मागच्या चाकाला गोल कुलूप आठवडी बाजाराआधीच बसवून घे. जागा सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन दांड्यांवर. त्यांना आधी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळ. रंग वाचतो अन् क्लिपही सरकत नाही. स्क्रू सैल ठेवूनच चाक हाताने फिरव. कुलूप टायरला किंवा मडगार्डला घासायला नको, आणि त्याचा दांडा रिमच्या आतून, दोन तारांच्या मधून आरपार गेला पाहिजे. चाक आउट असेल तर आधी ते सरळ करून घे. मग दोन्ही बाजू थोड्याथोड्या कस.

स्क्रूची डोकी जमलं तर चाकाकडे ठेव. माझी बाहेरून होती. एसटी स्टँडवर सायकल लावून तालुक्याला गेलो, परत येऊन पाहतो तर कुलूप एका बाजूने लोंबतंय! चोराला घाई झाली असावी, नाहीतर मी पायीच घरी गेलो असतो.

हे कुलूप फक्त चाक अडवतं. सायकल उचलून गाडीत टाकली की झालं. म्हणून वावरात थांबायचं असेल तर धुऱ्यावरच्या निंबाला फ्रेममधून साखळी घालूनच बांध. पावसाळ्यात आपली काळी माती कुलपाच्या खाचेत घट्ट बसते. ती काडीने काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोड. दुसरी किल्ली घरीच ठेव, त्याच जुडग्यात नको.