रिपोर्ट क्लिअर आलेत, मग बाबा पूर्वीसारखे का होत नाहीत?

मी समुपदेशक आहे, गेल्या महिन्याभरात माझ्याकडे चार घरांतून हाच प्रश्न आला. कुणाच्या आईचा ब्रेस्ट कॅन्सर होता, कुणाच्या नवऱ्याचा तोंडाचा, पण बोलणं तेच, ट्रीटमेंट संपली, डॉक्टर म्हणाले सगळं ओके आहे, मग हा माणूस असा गप्प का, चिडचिड का, घराबाहेर का पडत नाही. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असतेच पण थकवाही असतो आणि नीट ऐकलं तर थोडा रागही, तो बोलून कुणी दाखवत नाही कारण आजारी माणसावर रागावणं बरं दिसत नाही. म्हणून म्हटलं एका घराचं सांगते. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. मी त्यांना काका-काकू म्हणायचे, इथंही तेच म्हणते.

काका ५४ वर्षांचे, सांगली जिल्ह्यातले, एसटीत कंडक्टर. तंबाखू-चुना पंचवीस वर्षं. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण साधी तंबाखूची पुडी कोपऱ्यावरच्या टपरीवर आजही मिळते आणि मला याचा फार त्रास होतो.) गालाचा कॅन्सर निघाला. एका बाजूचं जबड्याचं हाड काढलं, छातीवरचं मांस आणि कातडी घेऊन गाल शिवला, नंतर रेडिएशनच्या ३० सिटिंग, आठवड्यातून पाच दिवस असे सहा आठवडे. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं, पण जाण्यायेण्यात आणि बिनपगारी रजेत जे गेलं ते गेलंच. माझ्याकडे आले तेव्हा सगळं संपून आठ महिने झाले होते.

मुलगी घेऊन आली होती. "मॅडम, बाबा आमच्यात जेवायलाच बसत नाहीत. ताट घेऊन मागच्या खोलीत जातात आणि दार लावतात. आई काही विचारायला गेली की भडकतात."

काका तोंडावर टॉवेल धरून बसलेले. मी त्यांना काहीही विचारलं की उत्तर मुलगीच द्यायची, त्यांचं बोलणं पटकन कळत नाही म्हणून, त्यात तिची मायाच होती. मी तिला म्हटलं मला घाई नाही, त्यांना बोलू दे. बराच वेळ गेला. मग काका म्हणाले, "सांडतं." आणि परत थोड्या वेळानं, "नातवासमोर सांडतं."

बघा, घरातले ज्याला राग समजत होते ती लाज होती. अशा ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा खालच्या ओठाची नस जाते, ओठ बधिर होतो, हनुवटीवर भात चिकटलाय हे त्या माणसाला कळतच नाही, समोरच्याची नजर तिकडे गेली की मग कळतं. रेडिएशननं लाळ कमी होते त्यामुळे प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो. तोंड एरवी तीन बोटं उघडतं, काकांचं दीड बोट उघडत होतं. पूर्वी भरल्या गाडीत ओरडून तिकीट देणारा हा माणूस, त्याला आता घरातल्या घरात "मीठ दे" एवढं दोनदा सांगावं लागत होतं.

त्यांना गिळण्या-बोलण्याच्या थेरपिस्टकडे पाठवलं. आईस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांत धरायचा व्यायाम त्यांना आधीच शिकवलेला होता पण सुटला होता, तो परत सुरू झाला. थोडा फरक पडला, दार मात्र लागायचंच. मला वाटायला लागलं की गाठ काकांमध्ये नाहीये, दोघांच्या मध्ये कुठंतरी आहे, आणि मी काकूंना एकटीलाच बोलावलं.

"माझं काय नाही ओ, ह्यांचं तेवढं बघा." पहिले दोन वेळा फक्त एवढंच. ज्या बाईनं वर्षभर डबे, फाईली, नळीतून घालायचं दूध, सगळं सांभाळलं तिला कुणी "तू कशी आहेस" विचारलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी मी काहीच विचारलं नाही, नुसती बसून राहिले, तेव्हा आपणहून म्हणाल्या, "मी अजून रोज शर्टाच्या खिशाचा वास घेते. धुवायला टाकायच्या आधी. तंबाखूचा येतोय का बघायला."

"आला कधी?"

"नाही. पण आता ते खिसा उलटा करून टाकतात. झाडल्यासारखा. म्हणजे काहीतरी असतंयच ना त्यात?"

हे त्यांच्यासमोर बोलाल का विचारलं. भांडण होईल म्हणाल्या. म्हटलं होऊ दे, इथं होऊ दे.

पुढच्या आठवड्यात दोघं आले. काकूंनी खाली बघत सगळं सांगितलं, वासाचं पण आणि खिशाचं पण. काकांनी तोंडावरचा टॉवेल बाजूला केला, माझ्यासमोर पहिल्यांदाच, आणि तुटक तुटक बोलले, "मला म्हाईत हाय तू वास घेतीस. दवाखान्यातनं आल्यापासनं. म्हणून मीच उलटा करून टाकतो. तुला दिसावं. रिकामा हाय."

आठ महिने तो माणूस रोज संध्याकाळी आपल्या बायकोला एक निरोप ठेवत होता आणि ती रोज सकाळी तो उलटा वाचत होती.

मग काकू रडल्या आणि रडता रडता त्यांचा राग बाहेर आला, वीस वर्षं सांगत होते, पाया पडले, पोरीची शपथ घातली, ऐकलं का तुम्ही, घराचं बांधकाम अर्धवट राहिलं, मी कुणाकुणाच्या दारात जाऊन उभी राहिले. काका मान हलवत होते, "व्हय. व्हय." मुलगी मध्ये पडायला लागली, मी हातानंच तिला थांबवलं. मी त्या अर्ध्या तासात जवळजवळ काहीच बोलले नाही आणि इतक्या वर्षांच्या कामात मला त्या गप्प बसण्याचं मनापासून समाधान वाटतं, कारण मी तेव्हा "झालं गेलं विसरा" म्हटलं असतं तर तो राग परत खिशात गेला असता.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारानं काम करते. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती (REBT) आहे, पेशंटसमोर मी तिचं नाव घेत नाही पण त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, माणसाची कृती चूक असू शकते पण म्हणून अख्खा माणूस चुकीचा ठरत नाही. काका म्हणायचे "माझ्यामुळंच झालं, मी बसायच्याच लायकीचा नाय." मी त्यांना तंबाखूचा काही संबंध नाही असं खोटं सांगितलं नाही. संबंध आहे, ती चूक होती, तिचं वाईट वाटणं बरोबरच आहे. पण मग दार लावून जेवणं ही त्या चुकीची शिक्षा तुम्हाला दिली कोणी? बराच विचार करून म्हणाले, "मीच."

आता जे मला विचारतात त्यांच्यासाठी. "पूर्वीसारखं" हा शब्दच घरातून काढा. शरीर पूर्वीसारखं नाही, मग माणूस कसा असेल. अमेरिकेतले फिट्झह्यू मुलन स्वतः डॉक्टर होते आणि कॅन्सरमधून गेलेले होते, ट्रीटमेंट संपल्यानंतरचा काळ हा आजाराचाच एक वेगळा टप्पा आहे असं त्यांनी १९८५ मध्येच मांडलंय. परत येईल ही भीती त्या टप्प्यात असतेच आणि ती वेडेपणाची नाही, तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिली दोन वर्षं जास्त जोखमीची असतात म्हणून तर डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी बोलावतात. चेकअपच्या आदल्या रात्री काका-काकू दोघं जागे असायचे आणि दोघं झोपल्याचं सोंग घ्यायचे. मी सांगितलं उठा, चहा करा, भीती वाटतेय म्हणा. परत होऊ नये ही इच्छा ठेवा, परत होताच कामा नये असा हट्ट धरला की मात्र प्रत्येक खोकल्याला जीव जातो.

आणि प्लीज, "पॉझिटिव्ह राहा" एवढंच म्हणून निघून जाऊ नका. रडल्यामुळे कॅन्सर परत येत नाही. भेटायला येणारे नातेवाईक समोरच "तंबाखूनं वाटोळं केलं" म्हणतात, त्यांना घरातल्याच कुणीतरी शांतपणे सांगायचं की ते आम्हाला माहिती आहे, तुम्ही बसा, चहा घ्या. काळजी घेणाऱ्याला आठवड्यातून दोन तास तरी घराबाहेर जाऊ द्या. थकवा महिनोन्‌महिने राहू शकतो, तो आळस नाही, डॉक्टरांना विचारून रोज थोडं चाललं तर कमी होतो. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, जगून काय करू असं बोलणं सुरू झालं तर वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, तेवढ्यात आधार हवा तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६, हाही फुकट.

मला दोघांना रोज पंधरा मिनिटं एकत्र बसायला सांगावंसं वाटत होतं पण त्यांनी त्यांचं स्वतःचंच काढलं, काकांनी शर्ट आपला आपण धुवायला घेतला. खिशाचा विषय तिथंच संपला.

दीड महिन्यानं मुलीचा फोन आला. "मॅडम, आज बाबा आमच्यात बसले जेवायला. आमटी सांडली थोडी. नातवानं बघितलं आणि स्वतःचा नॅपकिन त्यांच्यासमोर ठेवला."

मी विचारलं, आणि आई?

"आई जेवत होती."