‘ह्यो बी बापावर जाणार का?’

तासगावकडच्या एका आजींचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नातवाच्या वडिलांना स्किझोफ्रेनिया (भास होणं, विनाकारण संशय येणं असा मानसिक आजार) आहे, गोळ्या नियमित चालू आहेत, द्राक्षबागेत कामालाही जातात. नातू नऊ वर्षांचा. अभ्यासाला बसवलं की वही फेकतो, सांगितलेलं अर्धवट करतो, उलट बोलतो.

आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला पुढे तो होण्याची शक्यता साधारण 10 टक्के असते, एरवी सुमारे 1 टक्का. म्हणजे दहातल्या नऊ मुलांना तो होत नाही. आणि नुसत्या चिडचिडीवरून तर काहीच सांगता येत नाही.

मुलाला आकडे ऐकवून परत म्हणायला लावले. सरळ क्रमाने पाच म्हटले, उलट क्रमाने तीन सांगताना अडखळला. ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं, म्हणजे कार्यस्मृती, त्याला जड जातं. आता घरातली हाक ऐका: “चप्पल काढ, हातपाय धू, डबा टाक घासायला आन् गणिताची वही घेऊन बस!” चप्पल निघते, पुढचं पुसलं जातं. पोरगं दारातच उभं, मग ओरडा, मग वही भिंतीवर. स्किझोफ्रेनिया असलेल्या पालकांच्या काही मुलांत अशी कार्यस्मृती, लक्ष आणि विचारांचा वेग कमी पडतो. डेन्मार्कमध्ये सात वर्षांच्या मुलांच्या मोठ्या अभ्यासातही हे दिसलं.

उपाय साधे होते. जवळ जाऊन एकच काम सांगायचं आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचं. भिंतीवर चार कामांची चित्रं, खूण त्यानेच करायची. गणित 15 मिनिटं, मग 5 मिनिटं सुट्टी. मोबाइल काढून घ्यायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं. सुरुवातीला बरं चाललं, मग आजींनी हौसेनं तक्त्यावर अकरा कामं चढवली आणि वही पुन्हा उडाली. तक्ता परत चारवर आणला.

‘बापावर गेलास’ हे वाक्य मात्र पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितलं. आपल्यामुळेच बाबा आजारी पडले असं मुलगा धरून बसला होता. वडिलांनी स्वतः गोळी दाखवून सांगितलं, “डोक्यात गोंगाट होतो, तो हिनं कमी होतो. तुझ्यामुळं न्हाई झालं.”

वयात येताना झोप उडाली, मित्र सुटले, विनाकारण संशय वाढला किंवा आवाज ऐकू येऊ लागले, तर थांबू नये. मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. गांजापासून अशा मुलांना कटाक्षाने दूर ठेवावं.

वही फेकणं कमी झालंय, गणित मागेच आहे. वर्गशिक्षिका आता गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहितात आणि त्यानं उतरवून घेतला का, हे घंटा होण्याआधी बघतात.