तांदूळ धुऊन, वेळून जड धातू जातात का?

तांदूळ चोळून धुतला किंवा भरपूर पाण्यात शिजवून वेळला, तर त्यातील जड धातू निघून जातात का, आणि भात सोडून पोळीवर राहिल्यास धोका टळतो का, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे धातूगणिक बदलतात, म्हणून कॅडमियम आणि आर्सेनिक यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

कॅडमियमचे परिणाम जपानच्या तोयामा प्रांताने सर्वांत जास्त भोगले. जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त आणि शिशाची खाण होती. तिचे सांडपाणी नदीत आणि नदीचे पाणी भातखाचरांत येत राहिले, आणि तोच तांदूळ तिथली माणसे वर्षानुवर्षे खात राहिली. कॅडमियमने मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका निकामी झाल्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाऊ लागले, हाडे मऊ पडली आणि साध्या खोकल्यानेही बरगडी मोडू लागली. हा आजार ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, या नावाने ओळखला जातो. नोबोरू हागिनो या स्थानिक डॉक्टरांनी त्याचा संबंध खाणीशी जोडून दाखवला आणि 1968 मध्ये जपान सरकारने तो मान्य केला. अधिकृत नोंद झालेले रुग्ण सुमारे 200 असून त्यांत बहुतांश पाळी थांबलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या. शरीरात लोह कमी असले की आतडी कॅडमियम जास्त शोषून घेतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय किती सर्रास आढळतो हे पाहता, ही गोष्ट मला विशेष गंभीर वाटते. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच 10 ते 30 वर्षे लागतात. त्यामुळे एखाद्या जेवणाने काही बिघडत नाही, पण त्याच शेताचे धान्य आयुष्यभर खाल्ल्याने बिघडते.

आता धुण्याविषयी. कॅडमियम दाण्याच्या आतपर्यंत पसरलेले असते, त्यामुळे धुण्याने किंवा पॉलिश करण्याने ते फारसे कमी होत नाही. अकार्बनी, म्हणजे कार्बनशी न जोडलेल्या, आर्सेनिकचे मात्र तसे नाही. ते कोंड्यात अधिक असते, म्हणून हातसडीच्या तांदळात त्याचे प्रमाण जास्त सापडते. आणि भात भरपूर पाण्यात शिजवून वेळल्यास त्याचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो. अर्थात, ते पाणी पेज म्हणून प्यायल्यास निघालेले आर्सेनिक पुन्हा पोटातच जाते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातील काही कूपनलिकांप्रमाणे शिजवण्याच्या पाण्यातच आर्सेनिक असेल, तर भात शिजताना ते उलट वाढते.

खरा पेच शेतात आहे. खाचरात पाणी उभे असताना मातीतला प्राणवायू संपतो. अशा वेळी कॅडमियम गंधकाशी बांधले जाऊन अडकून पडते, पण आर्सेनिक मोकळे होते आणि सिलिकॉन ज्या वाटेने भाताच्या मुळांत शिरते त्याच वाटेने आत जाते. पाणी काढून शेत सुकवले की नेमके उलटे घडते. जपानमध्ये कॅडमियम टाळण्यासाठी लोंबी बाहेर पडण्याच्या आधी आणि नंतर सुमारे तीन आठवडे पाणी राखण्याचा सल्ला दिला जातो. तोच उपाय आर्सेनिकग्रस्त मातीत केला तर अंगाशी येईल. त्यामुळे आपल्या जमिनीत काय आहे हे कळल्याशिवाय पाण्याचा कोणताही एकच नियम पाळू नये.

गव्हाचे शेत पाण्याखाली नसते, म्हणून गव्हात आर्सेनिक भातापेक्षा बरेच कमी असते. भात कमी केल्याने तेवढा फायदा होतो. कॅडमियमपासून मात्र गहूही सुटलेला नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानके ठरवणाऱ्या संस्थेने त्यासाठी गव्हाला किलोमागे 0.2 आणि पॉलिश केलेल्या तांदळाला 0.4 मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. आहारात ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू असा फेरपालट ठेवणे आणि लोहाची कमतरता भरून काढणे हे घरच्या घरी करता येणारे उपाय आहेत. धूम्रपान करणाऱ्यांना तंबाखूतूनही भरपूर कॅडमियम मिळते, तेव्हा त्यांनी आधी ते सोडावे.

आपली स्वतःची शेती असेल आणि जवळ खाण, कारखान्याचा नाला किंवा सांडपाण्यावरचे सिंचन असेल, तर माती आणि धान्य दोन्ही तपासून घ्यावे. आम्लधर्मी जमिनीत कॅडमियम पिकाला सहज मिळते, तिथे चुना घातल्याने फरक पडतो. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (pH), सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्ये मिळून 12 घटक तपासले जातात. त्यांत कॅडमियम, आर्सेनिक आणि शिसे नाहीत, म्हणून प्रयोगशाळेत नमुना देताना या तिन्हींची तपासणी नाव घेऊन, वेगळी मागावी लागते.