फोनच्या विक्रीवरून पेटंटची रॉयल्टी कशी काढायची?

प्रश्न असा: कंपनी वर्षाला १ कोटी फोन विकते, तर पेटंटवाल्याला किती मिळेल?

पहिली चूक दुकानातल्या किमतीवर टक्के लावण्याची. कोल्हापूरच्या राजारामपुरीत १५,००० ला मिळणाऱ्या फोनमधून १८ टक्के जीएसटी काढला की उरतात साधारण १२,७१२. दुकानदार-वितरकाचं कमिशन वजा करून कंपनीच्या हातात १२,००० पडतात असं धरू. १ टक्का दराने फोनमागे १२० रुपये, म्हणजे १ कोटी फोनांवर १२० कोटी.

हा १ टक्का हवेतला नाही. पेटंटवाली एरिक्सन आणि फोन बनवणारी लावा यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये १.०५ टक्के दर धरून २४४ कोटींची भरपाई ठरवली.

काहींचा दर नगावर असतो, आपल्या उद्यमनगरातल्या जॉबवर्कसारखा. नोकियाने २०१८ मध्ये ५जी फोनमागे कमाल ३ युरो जाहीर केले. चिप बनवणारी क्वालकॉम टक्केवारी घेते, पण ४०० डॉलरच्या वरची किंमत धरत नाही. महागड्या फोनांचा हिशेब इथेच गंडतो.

आणि जाहीर दर म्हणजे भाजीवालीने सांगितलेला पहिला भाव. घासाघीस होते, शिवाय फोनवाल्याकडे स्वतःची पेटंटं असली तर वळतं करून फरकच दिला जातो. मी तरी आलेल्या आकड्याला ‘जास्तीत जास्त’ म्हणतो.